‘कथलाचा वाळा’ मधलं कथील नक्की कोणतं?

शब्दवेडी: ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ मधलं कथील म्हणजे पत्रा, जस्त की शिसं? शब्द ‘कथील’ असेल तर ‘कथिलाचा’ का नाही? आणि ढोंगी माणसाला ही म्हण लावली तर चालेल का?

भांडीकुंडी: ताई, तिन्ही नाही. कथील म्हणजे कल्हईचा धातू, टिन. आपण ज्याला टिनचा डबा म्हणतो तो असतो लोखंडी पत्र्याचा, वर कथलाचा पातळ मुलामा. घोटाळा तिथूनच सुरू होतो. जस्त ४२० अंश सेल्सिअसला वितळतं, शिसं ३२७ला, कथील २३२लाच. म्हणून तर कल्हई जमते. घासून लख्ख केलेलं पितळी पातेलं भट्टीवर तापवायचं, नवसागराची पूड भुरभुरायची, कथलाची कांडी टेकवायची आणि वितळलेलं कथील कापसाच्या बोळ्याने झरझर फिरवायचं. भांडं पुरतं तापलं नसेल तर कथलाचे गोळे होतात. नवसागर कमी पडला तर पितळेवरचा काळपट थर निघत नाही, मग कथील धरतच नाही. आणि कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवलं की कळकलंच.

कांडी घेताना शिशाची भेसळ मात्र जरूर बघा, शिसं विषारी. शिसं कागदावर ओढलं की करडी रेघ उमटते. शुद्ध कथलाची कांडी वाकवताना करकर वाजते.

काना_मात्रा: ‘कथिलाचा’ही चूक नाही. तीन अक्षरी शब्दात मधलं अक्षर दीर्घ ई-ऊचं असेल तर सामान्यरूपात तिथे ‘अ’ येतो: बेरीज–बेरजेत, लाकूड–लाकडाला. पहिलं अक्षर ऱ्हस्व असेल तर हा ‘अ’ विकल्पाने येतो: परीट–परटाला किंवा परिटाला. कथीलही त्यातलंच. म्हणीत मात्र ‘कथलाचा’च ठेवा, म्हणीची लय त्यातच आहे.

म्हणसंग्रह: ढोंगाला ही म्हण लावू नका. कथील चांदीसारखं पांढरं. ते सोनं म्हणून कुणाच्या गळ्यात मारता येत नाही. फसवणूक सांगायची असती तर वाळा पितळेचा झाला असता. ‘पितळ उघडं पडलं’ म्हणतो ते त्यासाठीच. सोनुबाई काहीच लपवत नाही. नाव सोन्याचं आणि हातात सगळ्यांना दिसणारं कथील, एवढी विसंगतीच म्हणीत आहे. गावाचं नाव ‘गंगापूर’ आणि उन्हाळाभर टँकर: इथे ती चपखल बसते. श्रीमंतीचा डौल आणि आत खडखडाट असेल तर ‘बडा घर पोकळ वासा’. आत एक बाहेर एक असेल तर ‘वरून कीर्तन, आतून तमाशा’.

शब्दवेडी: पितळेचा मुद्दा पटला. आणि वाळा म्हणजे माठात टाकतात तोच ना?

म्हणसंग्रह: नाही, ते सुगंधी गवताचं मूळ. हा हातातला: जाड तारेचं कडं. लहान मुलांच्या पायात घालतात तेही वाळेच.