भांडणं मोजू नका, ‘नाही’ म्हटल्यावर काय होतं ते बघा

अर्धविराम

नातं निरोगी आहे की नाही हे ओळखायच्या याद्या हल्ली जिकडेतिकडे फिरत असतात. जोडीदार संशय घेतो का, आवाज चढवतो का, फोन बघतो का. माझा या याद्यांवर फारसा विश्वास नाही. यातल्या निम्म्या गोष्टी चांगल्या नात्यातही कधीतरी होतात. आणि जिथे खरी घुसमट असते, तिथे बाहेरून यातलं काहीच दिसत नाही.

एका मैत्रिणीचं उदाहरण देते. आम्ही पाच-सहा जण जेवायला जमलो होतो. तिला नवऱ्याचा मेसेज आला, कोण कोण आहे? तिने नावं कळवली. मग त्याने फोटो मागितला. तिने हसत हसत सगळ्यांना जवळ यायला सांगितलं आणि फोन असा तिरका धरला, की टोकाला बसलेला मित्र फोटोत येणारच नाही. नावांतूनही तो वगळला होता, हे नंतर कळलं. या जोडप्याचं भांडण कुणी कधी ऐकलेलं नाही. होणार कसं? भांडायला दुसऱ्यानेही तोंड उघडावं लागतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की भांडणं मोजू नका. तुम्ही ‘नाही’ म्हणालात तर पुढे काय होतं ते बघा. बाहेर जाण्याला, पैशांना, शरीरसंबंधांना, कशालाही ‘नाही’.

अमेरिकेतल्या डुलुथ शहरात १९८४ मध्ये अत्याचार सोसलेल्या बायकांशी बोलून ‘सत्ता आणि ताबा’ नावाचं एक चक्र मांडलं गेलं. त्यात मारहाण कडेला आहे. आतल्या भागात धमकावणं, एकटं पाडणं, पैसे हातात न देणं, मुलांना पुढे करणं, ‘असं काही झालंच नाही’ म्हणणं हे सगळं आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये तर २०१५ च्या कायद्याने जोडीदारावर असा सततचा ताबा ठेवणं हा मारहाण नसतानाही गुन्हा ठरवला.

स्पष्टच

असहमत. याद्या नकोत म्हणता आणि एका कलमाची यादी देता!

परवा मी बायकोच्या एका बेताला ‘नाही’ म्हणालो. दोन दिवस घरात शुकशुकाट. झालं का आमचं नातं रोगट? माणूस म्हटलं की रुसणार, चिडणार, टोमणा मारणार. हल्ली प्रत्येक गोष्टीला ‘टॉक्सिक’ म्हणायची फॅशन आली आहे. जॉन गॉटमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने जोडप्यांना प्रयोगशाळेत बसवून त्यांची भांडणं वर्षानुवर्षं अभ्यासली. त्यांच्या मते जोडप्यांमधले सुमारे ६९ टक्के वाद कधी सुटतच नाहीत, चांगल्या संसारातसुद्धा. नातं मोडण्याचा सगळ्यात मोठा इशारा त्यांना कशात दिसला? तुच्छतेत. डोळे फिरवणं, नक्कल करणं, समोरच्याला खालचं समजणं. तुमच्या ‘नाही’च्या कसोटीत हे कुठे बसतं?

आणि एका फोटोवरून मैत्रिणीच्या संसाराचं निदान केलंत. तिला विचारलंत तरी का?

अर्धविराम

विचारलं. ‘उगाच कटकट नको’ म्हणाली. निदान मी करत नाही, पण साधा खरा फोटो पाठवला तर जी कटकट होईल, तिच्या धास्तीने ती आधीच बदलली आहे.

तुमच्या शुकशुकाटाबद्दल. तिसऱ्या दिवशी काय झालं? बोलणं सुरू झालं ना? पुढच्या वेळी ‘नाही’ म्हणायला तुम्ही कचरणार आहात का? नसाल, तर तो रुसवा. रुसव्यात माणूस स्वतः दुखावलेला असतो. शिक्षेत समोरच्याला धडा शिकवायचा असतो, आणि ती समोरचा शरण येईपर्यंत चालते. मायकेल जॉन्सन या समाजशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये हाच फरक हिंसेबाबत मांडला होता. भांडण हाताबाहेर जाऊन झालेली हिंसा वेगळी आणि जोडीदारावर सतत ताबा ठेवण्यासाठी वापरलेली हिंसा वेगळी. समर्थनीय दोन्ही नाहीत, पण उपाय एक नाही.

तुच्छतेचा मुद्दा मान्य. पण गॉटमन यांचं ते निरीक्षण नातं टिकेल की तुटेल याबद्दल आहे. काही नाती टिकतात हीच अडचण असते.

बिनधास्त_बंड्या

आम्ही दोघं एकमेकांचे पासवर्ड वापरतो, लोकेशन चालू ठेवतो. लग्नाला बरीच वर्षं झाली. सगळे म्हणतात हा ताबा. आम्हाला सोय वाटते.

अर्धविराम

उद्या न सांगता पासवर्ड बदललात तर?

बिनधास्त_बंड्या

ती विचारेल का बदलला. मी म्हणेन, असंच. ती म्हणेल बरं. पण मी बदलणार नाही, कारण जोडीदाराची परीक्षा घ्यावीशी वाटली म्हणजे तिथेच काहीतरी सटकलं.

नवा_सदस्य

सगळी उदाहरणं ‘तो ताबा ठेवतो, ती सोसते’ अशीच का? बायकोने मित्र तोडायला लावलेले, पगार काढून घेतलेले पुरुषही असतात. त्यांनी सांगितलं तर लोक हसतात. समलिंगी जोडप्यांचं तर कुणी नावही काढत नाही.

रात्रपाळी

बरोबर आहे, आणि हसू होईल या भीतीने ते मदत मागायला फार उशिरा येतात. तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या आकड्यांनुसार जगात १५ ते ४९ वयाच्या, कधी ना कधी जोडीदार असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे २७ टक्के जणींनी जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली आहे. उदाहरणं त्या बाजूने जास्त येतात ती त्यामुळे.

पण माझा खरा आक्षेप मूळ लेखावर आहे. मी काही काळ समुपदेशनाचं काम केलं. ‘नाही म्हणून बघ’ हा सल्ला चुकीच्या घरात पडला तर कुणाचा जीव जाऊ शकतो. जोडीदाराने एकदा जरी गळा दाबला असेल, तर पुढे खून होण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो. सोडून जायच्या आणि नुकतंच सोडल्याच्या काळात धोका सगळ्यात जास्त. असं काही असेल तर कसोट्या बाजूला ठेवा. आधी सुरक्षित जागा, विश्वासातलं माणूस, कागदपत्रं. हेल्पलाइनला फोन करायचा तर जोडीदाराच्या हाती न लागणाऱ्या फोनवरून.

अर्धविराम

मुद्दाम ‘नाही’ म्हणून बघा असं मी लिहिलेलं नाही. आजवर दिलेले नकार आठवा.

रात्रपाळी

आणि एकही आठवत नसेल तर? माझ्यासमोर बसलेल्या बहुतेकांना आठवायचा नाही. ‘आमचं सगळ्यावर एकमत असतं’ म्हणायच्या. म्हणून आम्ही उलटं विचारायचो. घरी परतताना उशीर झाला तर दार उघडण्याआधी मनात काय चालू असतं? काय सांगायचं याची जुळवाजुळव करत असाल, तर ते उत्तर पुरेसं आहे.

स्पष्टच

हा प्रश्न चांगला आहे. पण इथे वाचणारे बहुतेक जण जोडीदाराबद्दल नाही, मित्रमैत्रिणींबद्दल वाचत असतात. त्यांनी काय करायचं? ‘सोड त्याला’ म्हणायचं?

रात्रपाळी

ते सोडून काहीही. ‘सोड त्याला’ म्हणालात आणि ती परत त्याच्याकडे गेली, तर पुढच्या वेळी ती तुम्हाला लाजेने फोन करत नाही. एकटं पाडायचं जोडीदाराचं काम तुम्हीच पुरं केलंत. ‘मला असं असं दिसलं, काळजी वाटली’ म्हणा आणि फोन उचलत राहा. कितीही वेळा परत गेली तरी.

स्पष्टच

फोन उचलण्याबद्दल सहमत. एका ‘नाही’ची कसोटी मात्र मला अजून पटलेली नाही. ज्या घरात कशालाच मनाई नसते पण प्रत्येक वाक्यावर हसं होतं, त्या घराला ही कसोटी पास करून टाकते.