विषय: चर्चच्या मनोऱ्यातला अँटेना आणि रविवारची शाळा (शुक्रवारच्या आत उत्तर हवे)

मेधा (शाळा):
मंडळी, चर्चच्या ऑफिसातून काल फोन आला. मनोऱ्यात मोबाइल कंपनीचे अँटेना बसणार. भाड्याचा करार झालाय, परवानगीसाठी टाउनशिपची, म्हणजे इथल्या स्थानिक प्रशासनाची, सुनावणी मंगळवारी आहे. तळघरातल्या वर्गांचं पुढच्या वर्षीचं डिपॉझिट मात्र शुक्रवारीच भरायचंय. चार पालकांनी मला वेगवेगळं कळवलंय की अँटेनाखाली मुलांना बसवणार नाही. जागा बदलायची तर सीनियर सेंटर आहे, पण तिथे दुपारी तीनच्या आत कुणी दार उघडत नाही. मागच्या वेळी छोट्या गटातली मुलं पेंगत होती, आठवत असेल. डिपॉझिट भरू की थांबू, एवढंच सांगा.

सुजाता:
मेधाताई, त्या चौघांत मी आहे, नाव लपवायचं कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं ३१ मे २०११ ला रेडिओलहरी २बी गटात टाकल्या, म्हणजे माणसाला कर्करोग होण्याची शक्यता आहे असं म्हटलं. फ्रान्सनं २०१५ मध्ये कायदा करून तीन वर्षांखालच्या मुलांच्या पाळणाघरांत वायफाय बंद केलं. माझी धाकटी अडीच वर्षांची आहे. थोरली वर्गात असते तेव्हा ती त्याच तळघरात माझ्या मांडीवर असते. सुनावणीसाठी निवेदन लिहिलंय, सह्या द्या.

प्रशांत (खजिनदार):
सीनियर सेंटरचं भाडं तासाला जवळपास दुप्पट पडेल. कार्यकारिणीच्या ठरावाशिवाय मी चेक फाडणार नाही, इकडचाही नाही नि तिकडचाही नाही.

अनंत:
सुजाता, निवेदन आरोग्याच्या मुद्द्यावर असेल तर सह्या वाया जातील. १९९६ च्या टेलिकम्युनिकेशन्स ॲक्टच्या ७०४ व्या कलमानुसार, अँटेना एफसीसीच्या (अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाच्या) मर्यादेत असेल तर टाउनशिपला किरणोत्सर्गाचं कारण देऊन परवानगी नाकारताच येत नाही. बोर्डाचे वकील पहिल्या वाक्याला थांबवतील. मी हे दोन सुनावण्यांत डोळ्यांनी पाहिलंय.

बावीस वर्षं याच कामात आहे म्हणून सांगतो, तळघराची काळजी करू नका. अँटेनाचा झोत दिव्याच्या शेडसारखा पायाशी पडत नाही. तो दीपगृहासारखा आडवा जातो, दोन-पाच अंश खाली झुकवलेला. बरोबर खाली सावलीच असते, शिवाय मध्ये छप्पर, दोन मजले आणि काँक्रीट. मर्यादा दीड हजार मेगाहर्ट्झच्या वर चौरस सेंटिमीटरला १ मिलिवॉट आहे. तळघरात त्याच्या शेकडो पटींनी कमी भरेल.

उलट आज काय होतं ते पाहा. तळघरात रेंजची एक काडी येते. फोनला टॉवर सापडत नाही, म्हणून तो आपली सगळी ताकद लावतो, ०.२ वॉटपर्यंत, आणि तो आपल्या मांडीला नाहीतर कानाला चिकटलेला असतो. टॉवर जवळ आला की तोच फोन हजारपटीनं हळू बोलतो. २बी म्हणाल तर त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे. आणि आरोग्य संघटनेनंच करवून घेतलेला ६३ अभ्यासांचा आढावा २०२४ मध्ये आला, त्यात मोबाइल वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध दिसला नाही.

श्रीरामकाका:
अनंता, फोन छातीच्या खिशात ठेवण्याबद्दलही लिही. मला पेसमेकर बसवला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, फोन सहा इंच लांब, दुसऱ्या बाजूच्या कानाला. कोजागरीला मी पाहिलं, आपल्या वयाचे तिघे शर्टाच्या डाव्या खिशात फोन घालून बसले होते. त्यातल्या दोघांना पेसमेकर आहे हे मला माहीत आहे. आताच्या फोनांत लोहचुंबकही असतं.

सुजाता:
> मर्यादा ... १ मिलिवॉट आहे
अनंतदादा, ही मर्यादा १९९६ ची. २०२१ च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानं एफसीसीला बजावलं की मुलं आणि दीर्घकाळचे परिणाम यांबद्दल जुनी मर्यादा का पुरेशी आहे याची कारणं तुम्ही दिलेली नाहीत. भारतानं १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. ठाण्याला आईच्या सोसायटीच्या गच्चीवर टॉवर होता, ती सगळ्यात वरच्या मजल्यावर. मोजणी झाल्यावर तिला कागद हातात मिळाला. आकडा वाचून ती शांत झाली. तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण मलाही कागद हवाय.

अनंत:
न्यायालयाचं बरोबर सांगितलंस, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण तळघरात भारताची एक दशांश मर्यादाही ओलांडली जाणार नाही, हे मोजून दाखवता येईल. अर्जाबरोबर कंपनीला किरणोत्सर्गाचा अहवाल जोडावा लागला असेल. टाउनशिपच्या क्लार्ककडे मागा, देतात.

नीलिमा (सजावट):
हे सगळं तळघराचं चाललंय. मनोऱ्याच्या दारामागचा पोटमाळा कुणाच्या लक्षात आहे का? मखर, दोन्ही ढोल, ताशे, समया, सगळं तिथे आहे. २०११ पासून ती जागा सजावट समितीची आहे. आमची हायस्कूलची मुलं गणपतीच्या आधी तीन संध्याकाळ मनोऱ्याच्या झडपांपाशी उभी राहून थर्मोकोल खाली देतात. मागच्या वर्षी एकाचं डोकं झडपेला घासलं होतं. अँटेना बसणार त्या झडपांच्या आतच ना?

प्रशांत:
पोटमाळा करारात नाही, चर्चनं तोंडी दिलेला आहे. हे मी आधीही लिहिलं होतं.

अनंत:
नीलिमा, हे मला सुचायला हवं होतं. खरी अडचण इथे आहे. अँटेनाच्या मागे फारसं काही नसतं, तळघरात नगण्य, पण पुढे काही फुटांच्या अंतरात मर्यादा ओलांडली जाऊ शकते. म्हणूनच तिथे सूचनेचे फलक लावतात, दार कुलूपबंद ठेवतात आणि माणूस वर जायचा तर त्या दिशेचा अँटेना बंद करवतात. ही लहर पेशी तापवते, याबद्दल वाद नाही. झडपेत डोकं घालून तीन संध्याकाळ उभं राहणं अजिबात नको. मुलांना तर नाहीच.

सुजाता, निवेदन बदल. आरोग्य हा शब्द काढ. तीन गोष्टी माग: अहवालाची प्रत, अँटेना चालू झाल्यावर तळघरात आणि अंगणात मोजणी, आणि पोटमाळ्याला कुलूप लावण्याआधी आमचं सामान हलवायला वेळ. मंगळवारी मी येतो, बोलतोही.

नीलिमा:
सामान कुठे हलवायचं ते सजावट समिती ठरवेल. मखर पावणेनऊ फूट आहे, कुणाच्याही गराजमध्ये उभं राहत नाही.

सुजाता:
निवेदन बदललंय. एक वाक्य ठेवलंय, वर्गात लहान मुलं असतात. तेवढं राहू दे. मोजणीचा कागद येईपर्यंत धाकटीला घेऊन मी वरच्या हॉलमध्ये बसेन, थोरली वर्गात येईल.

मेधा:
मग डिपॉझिट शुक्रवारी भरते. प्रशांत, ठराव आज रात्री फोनवर घेऊया. नीलिमा, पोटमाळ्याची एक किल्ली माझ्याकडे आहे, शनिवारी दहाला ट्रक आला तर ढोल आणि समया तरी खाली काढू. पाच मोठी माणसं हवीत, मुलं नकोत.

श्रीरामकाका:
मी शनिवारी येतो, पण उचलणार नाही. समया कापडात गुंडाळा, मागच्या वेळी मोठीचा मोर वाकला होता.