मदत हवी आहे : सिलिकाच्या उष्णतारोधक फरशीवरील अणूंचा पुनर्संयोग प्रारूपात कसा मांडावा?

वातावरणात परतणाऱ्या अवकाशकुपीच्या नाकावरील उष्णताप्रवाहाचे गणन करताना वायूसाठी मी पार्क यांचे द्वि-तापमान प्रारूप (रेणूंच्या गतीला एक आणि कंपनाला दुसरे तापमान धरणारे) वापरतो, पण धक्कालहरीमागे विघटित झालेले ऑक्सिजनचे अणू भिंतीवर, म्हणजे कुपीच्या पृष्ठभागावर, पुन्हा जोडले जाताना जी उष्णता सोडतात, तिथे अडचण येते. भिंत पूर्ण उत्प्रेरक (आदळणारा प्रत्येक अणू जोडून टाकणारी) मानल्यास प्रवाह फार वाढतो, अनुत्प्रेरक मानल्यास धोकादायकरीत्या कमी येतो. हा फरक किरकोळ नाही : १९८१ मध्ये ‘कोलंबिया’ या अवकाशयानाच्या दुसऱ्या उड्डाणात उत्प्रेरक लेप दिलेल्या फरशा इतरांपेक्षा स्पष्टपणे अधिक तापल्या होत्या. सिलिकासाठी तापमानानुसार बदलणारा पुनर्संयोग-गुणांक (आदळणाऱ्या अणूंपैकी जोडल्या जाणाऱ्यांचे प्रमाण) पुरेल, की अधिशोषणाची (अणू पृष्ठभागाला चिकटण्याची) प्रत्येक पायरी स्वतंत्रपणे मांडावी? शिवाय भिंतीलगतचा विसरण-प्रवाह (पसरत भिंतीकडे येणाऱ्या अणूंचा ओघ) आणि अभिक्रियेचा वेग यांचा समतोल साधताना माझे गणन अस्थिर होते; त्यावर कोणी उपाय केला असल्यास कृपया सविस्तर सांगावे.