ड्राफ्टपूर्वी तरुण फॉरवर्डची पारख करताना गुणांवर किती विसंबावे?

निळी रेषा (प्रश्न):
ओंटारिओ हॉकी लीग या कुमारांच्या आइस हॉकी लीगमधील १७ वर्षांच्या एका विंगरवर (कडेने खेळणाऱ्या आक्रमकावर) मी ड्राफ्टसाठी, म्हणजे एनएचएल या उत्तर अमेरिकेतील अव्वल व्यावसायिक लीगचे संघ तरुण खेळाडूंची जी वार्षिक निवड करतात तिच्यासाठी, सविस्तर टिपण तयार करीत आहे. गोल आणि गोलसाहाय्य मिळून सामन्यामागे एकाहून अधिक गुण त्याच्या नावावर आहेत. मात्र त्यांतील जवळजवळ निम्मे पॉवर प्लेवर (शिक्षेमुळे प्रतिस्पर्ध्यांचा खेळाडू कमी असताना) आलेले आहेत, आणि तिघा आक्रमकांच्या त्याच्या फळीतला सेंटर, म्हणजे मधला खेळाडू, लीगमधील अव्वल खेळाडूंपैकी एक आहे. त्यात याची उंची जेमतेम ५ फूट ८ इंच. चार सामने मी प्रत्यक्ष पाहिले आणि तेवढ्यात दोनदा माझे मत बदलले. सेंटरच्या सावलीतून या मुलाचे स्वतःचे कर्तृत्व वेगळे कसे काढावे?

बाकावरचा:
आपल्या प्रश्नाला अगदी जवळचे उदाहरण अ‍ॅलेक्स डेब्रिन्कॅटचे आहे. २०१४-१५ मध्ये या विंगरने त्याच लीगमधील ईरी ऑटर्सकडून ५१ गोल केले, तेव्हा त्याच संघात लीगचा अव्वल सेंटर कॉनर मॅकडेव्हिड होता. साहजिकच, गोल खरे कोणाचे, अशी शंका घेतली गेली. पुढच्या हंगामात मॅकडेव्हिड एनएचएलमध्ये गेला आणि डेब्रिन्कॅटने पुन्हा ५१ गोल केले. एवढे होऊनही २०१६ च्या ड्राफ्टमध्ये शिकागोने त्याला निवडले ते ३९ व्या क्रमांकावर, आणि पुढे त्याने एनएचएलच्या एका हंगामात ४१ गोल करण्याची कामगिरी दोनदा केली. म्हणून माझा आग्रह असा की, दोन्ही संघ समान संख्येने खेळताना मिळालेले गुण आधी वेगळे काढावेत, आणि सेंटर बर्फावर नसताना हा मुलगा ज्या शिफ्ट (बर्फावरच्या छोट्या पाळ्या) खेळतो, त्या सलग बसून पाहाव्यात.

तिसरा कालखंड:
वरील उदाहरणात जन्मतारखेचा भाग सुटला आहे. १५ सप्टेंबरपर्यंत १८ वर्षे पूर्ण होणारा खेळाडूच त्या वर्षीच्या ड्राफ्टला पात्र ठरतो. डेब्रिन्कॅटचा जन्म डिसेंबर १९९७ चा असल्यामुळे स्काउटांना त्याचा मॅकडेव्हिडविना खेळलेला हंगाम पाहायला मिळाला. तो ऑगस्टमध्ये जन्मला असता, तर ही परीक्षा झालीच नसती. ऑस्टन मॅथ्यूज १७ सप्टेंबर १९९७ चा, म्हणजे २०१५ च्या ड्राफ्टला दोन दिवसांनी हुकला. ते वर्ष तो झ्युरिकमध्ये प्रौढ व्यावसायिकांविरुद्ध खेळला आणि २०१६ मध्ये टोरंटोने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतले. एकाच ड्राफ्टमधील दोन मुलांच्या वयात जवळजवळ वर्षाचे अंतर असू शकते, आणि या वयात वर्ष फार मोठे असते. आपला विंगर कोणत्या महिन्यातला आहे?

कडेची फळी:
आकडेमोड योग्यच आहे, पण मी पक (खेळातली रबरी चकती) ताब्यात नसतानाचा खेळ आधी पाहतो. पक मिळण्यापूर्वी तो मान वळवून मागे पाहतो का, पक गमावल्यावर पहिल्या तीन पावलांत वेग घेतो की वळसा घालत परततो, आणि बचावपटू अंगावर आला असता गोलसमोरच्या जागेत टिकतो की कडेला सरकतो, या तीन गोष्टी मी प्रत्येक शिफ्टला नोंदवतो. उंचीपेक्षा तिसरी बाब मला अधिक सांगते. स्केटिंगच्या उणिवेवरून घाईने फुली मारू नये, हेही जाता जाता सांगतो: विंगर मार्क स्टोन २०१० मध्ये थेट १७८ वा निवडला गेला, त्याच्या स्केटिंगवर आक्षेप होतेच, आणि २०२३ मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली व्हेगासने स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचे अजिंक्यपद, जिंकला. त्याची पकवर झडप घालण्याची जाण कोणत्याही शारीरिक चाचणीत दिसणारी नव्हती. बफेलोच्या कम्बाइनमध्ये (ड्राफ्टपूर्वीच्या शारीरिक चाचण्यांत) सायकल आणि उड्या असतात, बर्फ नसतो. एक सावधगिरी मात्र बाळगावी: प्रक्षेपणाचा कॅमेरा पकमागे धावतो, त्यामुळे मी सांगितलेले बरेचसे प्रेक्षागारात बसूनच दिसते.

निळी रेषा:
आभारी आहे. मुलगा ऑक्टोबरमधला आहे, म्हणजे आपल्या वर्गातल्या थोरल्यांपैकी; टिपणात ते लिहायचेच राहून गेले होते. सेंटर दुखापतीमुळे तीन सामन्यांना मुकला होता. त्या सामन्यांना मी हजर नव्हतो, तरी त्यांचे चित्रण मिळते का ते पाहतो, आणि उरलेल्या दोन सामन्यांत पकवरची नजर काढून केवळ त्याच्यावर ठेवतो. कदाचित तिसऱ्यांदा मत बदलेल.