मदत हवी आहे: पैलवान बहिणीच्या नावाने बनावट इन्स्टाग्राम अकाउंट

माझी धाकटी बहीण कुस्ती खेळते, सराव कात्रजला. तिच्या नावाने कुणीतरी इन्स्टावर अकाउंट काढलंय. फोटो, बायो सगळं तिचंच, नावात फक्त एक जादा अंडरस्कोअर. 'स्पर्धा आलीय, खुराकाला हातभार लावा' म्हणत चाहत्यांना क्यूआर कोड पाठवतात. एका काकांनी पैसे पाठवलेसुद्धा! त्यांना लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला लावला. आम्ही अकाउंट रिपोर्ट केलं, पण उत्तर नेहमीचं छापील.

पुण्यात सायबर पोलिसांकडे आयटी कायद्याच्या ६६डी कलमाखाली (ऑनलाइन तोतयेगिरी करून फसवणूक) कुणी तक्रार दिलीय का? स्क्रीनशॉटशिवाय काय न्यावं? निळ्या टिकचे पैसे भरून फरक पडतो का?

अकाउंट प्रायव्हेट करा, असं कृपया सुचवू नका. लहान मुली तिला डाव विचारतात, ती व्हॉइस नोटवर समजावते. ते बंद करायचं नाहीये.