भाचा म्हणतोय पेडल स्टील वाजवूनच पोट भरणार. कंट्रीवाल्या साथीदारांचं खरंच कसं चालतं?

मोगरीचं_झाड

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा भाचा ऑस्टिनला असतो, वय २७, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी, आणि गेली साडेतीन वर्षं तो पेडल स्टील गिटार शिकतोय. शनिवारी एका कंट्री (अमेरिकेतलं गावाकडचं लोकप्रिय संगीत) बँडबरोबर डान्स हॉलमध्ये वाजवतो. आता म्हणतो नोकरी सोडणार आणि हेच करणार. ताई रोज फोन करून रडते, मला म्हणते तू डॅलसला आहेस, तुला जवळ आहे, जाऊन समजाव त्याला. म्हणून मी गेले तर तो म्हणाला मावशी आधी ऐकायला ये मग काय ते बोल.

मी ते वाद्य जवळून पहिल्यांदा पाहिलं. टेबलासारखं समोर ठेवलेलं, डाव्या हातात लोखंडी दांडी तारांवरून सरकतेय, उजव्या हाताच्या बोटांत नख्या, डावा पाय पेडलवर, उजवा आवाजाच्या पेडलवर, आणि वर गुडघे सुद्धा डावी-उजवीकडे कसले तरी खटके ढकलतायत. अख्खा माणूस त्यात गुंतलेला. आणि त्यातून येणारा तो आवाज, एक सूर दुसऱ्या सुरात वितळत जातो ना, तो ऐकून माझ्या समोरचं सत्तरीतलं जोडपं डोळे मिटून वॉल्ट्झ करत होतं. मी समजवायला गेलेली बाई गप्प बसून परत आले.

तर प्रश्न असा की स्टार लोकांचं सोडा, त्यांच्या मागे उभे राहून वाजवणाऱ्यांचं आयुष्य कसं असतं? पैसे कुठून येतात, आजारपण आलं तर काय, पन्नाशीनंतर काय? मला ताईला खरं सांगायचंय, गोड किंवा कडू करून नाही.

बेसवाला

मोगरीताई, मी नॅशव्हिलमध्ये, म्हणजे कंट्री संगीताच्या माहेरघरात, ११ वर्षं बेस वाजवतोय, त्यातली ९ वर्षं दुसरं काहीच काम न करता, त्यामुळे जे सांगतोय ते माझ्या अंगावरून गेलेलं आहे.

इथे ब्रॉडवे म्हणून रस्ता आहे, तिथल्या हाँकीटाँकमध्ये (लाइव्ह कंट्री वाजणाऱ्या बारमध्ये) सकाळपासून मध्यरात्रीनंतरपर्यंत लागोपाठ बँड असतात. शिफ्ट साधारण चार तासांची. मालकाकडून थोडी ठरलेली बिदागी आणि बाकी सगळं टिपच्या बादलीवर, कोणीतरी एक जण बादली घेऊन टेबलाटेबलावर फिरतो आणि शेवटी सगळ्यांत वाटणी होते. एखाद्या शनिवारी घरभाड्याचा चांगला हिस्सा निघतो, आणि जानेवारीतल्या मंगळवारी पार्किंगचे पैसे सुटले तरी आनंद. म्हणून महिन्याचा हिशोब इथे कोणी धरत नाही, वर्षाचा धरतात.

पण तिथे खरी कमाई पैशाची नसते, कानाची असते. चार तासांत पन्नासेक गाणी, त्यातली निम्मी समोरच्यांच्या फर्माइशीची, तालीम नाही, कागद नाही. माझी पहिली शिफ्ट आठवतेय, मी कोणाच्या तरी बदली गेलो होतो. गायिकेनं एक हात पाठीमागे नेला आणि तीन बोटं खाली दाखवली, ड्रमरनं काठ्या वाजवल्या आणि गाणं सुरू. तीन बोटं खाली म्हणजे तीन फ्लॅट (उतरते सूर), म्हणजे ई फ्लॅटची पट्टी. बोटं वर असती तर शार्प (चढे सूर). मला ते माहीत होतं म्हणून वाचलो, पण गाणं माहीत नव्हतं! शेजारचा स्टीलवाला वाजवता वाजवताच मला आकडे ओरडून सांगत होता, चार, एक, पाच, एक, दोन मायनर. अख्खं गाणं त्यानं मला तसं पार करून दिलं. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

ते आकडे म्हणजे नॅशव्हिल नंबर सिस्टिम. आपण सा धरून बाकीचे सूर मोजतो तसंच, पट्टीचा पहिला सूर म्हणजे १, त्यावरून बाकीच्या कॉर्डना आकडे. गायकाचा घसा बसला आणि पट्टी उतरवली तरी कागद तोच राहतो. १९५० च्या दशकाच्या अखेरीस जॉर्डनेअर्स या गायकांच्या चमूतल्या नील मॅथ्यूजनं स्टुडिओत हे सुरू केलं आणि पुढे चार्ली मॅकॉयसारख्या वादकांनी ते सगळीकडे पसरवलं. भाच्याला हे झोपेत यायला पाहिजे.

मग टूर. एखाद्या गायकाच्या बँडमध्ये शिरलात की गुरुवारी रात्री बसमध्ये बसायचं, तीन गावं वाजवायची, आणि सोमवारी पहाटे घरी. दर कार्यक्रमाची ठरलेली रक्कम आणि वर रोजचा जेवणखर्च. गायकानं वर्षभर सुट्टी घेतली की तुमचीही सुट्टी, बिनपगारी. मला एकदा एका छोट्या टूरच्या मॅनेजरनं शेवटच्या पाच कार्यक्रमांचे पैसे दिलेच नाहीत, फोनही उचलेना, सहा वादक होतो आम्ही, एकाच्या घरी नुकतं बाळ आलेलं. कागदावर काही नव्हतं म्हणून काही करता आलं नाही. तेव्हापासून दोन ओळींचा ईमेल तरी घेतल्याशिवाय मी गाडीत बसत नाही.

सेशनचं काम म्हणजे रेकॉर्डिंग, ते सगळ्यात सन्मानाचं आणि मिळायला सगळ्यात अवघड. इथली वादकांची युनियन, लोकल २५७, १९०२ पासून आहे. युनियनच्या दरात तीन तासांचं सेशन धरतात, जो लीडर असतो त्याला दुप्पट, आणि पेन्शनमध्ये भर पडते ती वेगळी. तिथे चूक खपत नाही असं लोकांना वाटतं पण खरं सांगू, चूक खपते, उशीर खपत नाही.

जुन्या_तबकड्या

बेसवाल्यांनी छान लिहिलंय. मी वादक नाही, तीस वर्षं ऐकणारा आहे. ताईंना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली, भाच्यानं निवडलेलं वाद्य फार मानाचं आहे. १९५४ साली वेब पिअर्सच्या एका हिट गाण्यात बड आयझॅक्सनं पेडल दाबून तारा वाजत असतानाच त्यांचे सूर चढवले, ते ऐकून देशभरचे स्टीलवाले आपापल्या वाद्यांना पेडल बसवायला धावले. त्यातून पुढे बडी एमन्स आणि शॉट जॅक्सन यांनी पेडल स्टील बनवणारी शो-बड कंपनी काढली. म्हणजे मागे बसून वाजवणाऱ्या एका साथीदारानं अख्ख्या संगीताचा आवाज बदलला. आणि त्याच्याही आधी टेक्सास-ओक्लाहोमात बॉब विल्सच्या बँडमध्ये लिऑन मॅकॉलिफची स्टील ऐकायला लोक मैलोन्मैल गाडी हाकत यायचे. नाचणाऱ्यांसाठी वाजवायची ती वेस्टर्न स्विंगची परंपरा टेक्सासच्या डान्स हॉलमध्ये अजून जिवंत आहे, ऑस्टिनचं ब्रोकन स्पोक १९६४ पासून चालू आहे. त्यामुळे भाचा योग्य गावात आहे, लगेच नॅशव्हिलला पळायची गरज नाही.

दुसरी गोष्ट जरा दुखरी आहे. या धंद्यात वाजवणाऱ्यापेक्षा गाणं ज्याच्या मालकीचं तो टिकतो. अमेरिकेत एएम-एफएम रेडिओवर रेकॉर्ड वाजली की गाणं लिहिणाऱ्याला आणि प्रकाशकाला पैसे मिळतात, गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला एक पैसा नाही. आजही नाही! इंटरनेट आणि सॅटेलाइट रेडिओवर मिळतात, पण तिथेही मागच्या सगळ्या वादक-गायकांच्या वाट्याला मिळून ५ टक्के. विली नेल्सनसारख्या माणसानं नडीला एक गाणं ५० डॉलरला विकून टाकलं होतं, नंतर ते दुसऱ्याच्या नावावर हिट झालं. पण १९६१ साली पॅट्सी क्लाइननं त्याचं जे गाणं अजरामर केलं ते त्यानं स्वतःच्या नावावर ठेवलं होतं, आणि त्याच सुमारास तो रे प्राइसच्या बँडमध्ये मागे उभा राहून बेस वाजवत होता.

डीफर्ड बेलीचं मात्र मनातून जात नाही. १९२७ साली ज्या रात्री नॅशव्हिलच्या प्रसिद्ध कंट्री रेडिओ कार्यक्रमाला ग्रँड ओल ऑप्री हे नाव पडलं त्या रात्री त्याचंच हार्मोनिका वाजलं होतं. ऑप्रीचा पहिला काळा तारा. १९४१ साली गाण्यांच्या हक्कांवरून रेडिओ कंपन्या आणि हक्क सांभाळणाऱ्या संस्थेत भांडण पेटलं, त्याच्या ठरलेल्या गाण्यांवर बंदी आली, आणि त्याला काढून टाकलं. पुढची कित्येक वर्षं त्यानं त्याच नॅशव्हिलमध्ये लोकांचे बूट पॉलिश करून काढली. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये (मानाच्या यादीत) घेतलं २००५ साली, तो १९८२ सालीच गेला होता. भाच्याला सांगा, वाजव जीव ओतून, पण लिही सुद्धा आणि नावावर कर.

हिशोबवही

मी टॅक्सची कामं करते, माझ्याकडे सात-आठ वादक येतात. भावना बाजूला ठेवून सांगते. नोकरी सोडली की पगाराच्या जागी १०९९ फॉर्म (स्वतंत्र काम करणाऱ्याच्या कमाईची नोंद) यायला लागतात आणि निव्वळ नफ्यावर साध्या इन्कमटॅक्सच्या वर १५.३ टक्के सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स लागतो. टिपची रोख रक्कम सुद्धा उत्पन्नच आहे, बरेच जण ती दाखवत नाहीत आणि मग घरासाठी कर्ज मागायला गेले की उत्पन्नच दिसत नाही. तारा, दुरुस्ती, कार्यक्रमाला जायचे मैल, सगळं त्याच दिवशी लिहून ठेवायचं. माझ्याकडे एक जण बुटांच्या खोक्यात पावत्या घेऊन येतो, निम्म्या उन्हानं कोऱ्या झालेल्या असतात, हक्काची वजावट जाते.

आजारपणाचं विचारलंत म्हणून, ऑस्टिनमध्ये हाम नावाची संस्था २००५ पासून तिथल्या कमी उत्पन्नाच्या वादकांना आरोग्यसेवा आणि विम्यासाठी मदत करते. त्यांच्या अटी बघून ठेवा, नोकरी सोडायच्या आधी, नंतर नाही.

माझं मत विचाराल तर वर्षभराचा खर्च बाजूला पडेपर्यंत राजीनामा देऊ नये.

मोगरीचं_झाड

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, मी ताईला फोनवर वाचून दाखवलं. ती बेसवाल्यांच्या बाळवाल्या सहकाऱ्यापाशी थांबली आणि बराच वेळ काही बोलली नाही.

अजून एक विचारते. २७ म्हणजे उशीर झाला का? आणि मला संगीतातलं कळत नाही, तो खरंच चांगला आहे की मावशी म्हणून मला वाटतं, हे कसं ओळखायचं?

बेसवाला

उशीर अजिबात नाही. गिटारवाले पावलोपावली भेटतात, स्टीलवाले शोधावे लागतात, कारण शिकायला वर्षं जातात आणि डबल नेकचं (तारांचे दोन संच असलेलं) वाद्य केससकट पंचवीस-तीस किलोचं, दर रात्री उचलायचं. पाठ सांभाळायला सांगा, चेष्टा नाही, माझ्या ओळखीतल्या दोघांची कारकीर्द पाठीमुळे आखडली. आणि पन्नाशीचं म्हणाल तर ज्या स्टीलवाल्यानं मला आकडे ओरडून सांगितले तो तेव्हा ६८ वर्षांचा होता.

ओळखायचं असं, पुढच्या वेळी तो काय वाजवतो ते ऐकू नका, कधी वाजवत नाही ते बघा. गायक ओळ म्हणत असताना स्टील मागे सरली पाहिजे आणि ओळ संपून श्वास घेतला की तेवढ्याच फटीत उत्तर दिलं पाहिजे. फिडल (म्हणजे व्हायोलिनच) पण असेल तर ती फट दोघांत वाटून घ्यायची, एका कडव्याला फिडल, पुढच्याला स्टील. आणि एक विचारा त्याला, गेल्या सहा महिन्यांत दुसऱ्या कुठल्या बँडनं स्वतःहून फोन करून बोलावलं का.

मोगरीचं_झाड

काल परत जाऊन आले, यावेळी ताईला व्हिडिओ कॉल लावून टेबलावर फोन उभा करून ठेवला. तुम्ही सांगितलंत तसं बघितलं. पहिल्या अर्ध्या तासात दोनदा तो गायकावर चढला, मला सुद्धा कळलं. नंतर नाही. एका संथ गाण्यात तर पूर्ण कडवंभर दांडी तारांवरून उचलून मांडीवर हात ठेवून बसला होता, फिडलवाल्या बाईंकडे बघत.

बोलावणी आली आहेत, तीन बँडकडून, एक तर दर बुधवारचं. नोकरी जूनपर्यंत ठेवतोय, हिशोबवहींनी सांगितलेले पैसे तोवर जमतात का बघायचं ठरलंय आणि हामच्या अटी दोघांनी बसून वाचल्या. ताईनं त्याला एकच विचारलं, ते एवढं जड वाद्य रात्री दोन वाजता गाडीत चढवायला कोणी असतं का बरोबर. तो म्हणाला ड्रमर असतो, आम्ही एकमेकांचं सामान उचलतो.