शब्दचर्चा : यादृच्छिक चल, दान आणि वितरण

पंचवटीकर : भाची बारावीला आहे. शिकते इंग्रजीतून, समजून घ्यायला माझ्याकडे मराठीत येते. काल 'दोन फासे टाकले, बेरजेचं संभाव्यता वितरण काढा' हे गणित घेऊन बसलो. आकडे जमले, शब्दांनी अडवलं. 'यादृच्छिक चल' (random variable) म्हणजे तिला वाटलं, आपल्या इच्छेने बदलणारी संख्या. 'वितरण' ऐकल्यावर तर म्हणाली, "मामा, शिधावाटप का?" शिवाय 'discrete' चलाला 'विविक्त' म्हणू की 'खंडित'?

गोदाकाठ : यात इच्छा कुठेच नाही. यत् + इच्छा यांचा संधी 'यदिच्छा' झाला असता. मूळ शब्द 'यदृच्छा' आहे. ध्यानीमनी नसताना, आपसूक घडणारं ते यदृच्छेने. गीतेतला 'यदृच्छालाभसंतुष्ट' माणूस आयतं पदरात पडेल त्यात समाधानी असतो, स्वतःच्या मनासारखं करून घेत नाही. फाशाला हा शब्द चपखल बसतो.

खरी गोची 'चल'मध्ये आहे. पडलेलं दान म्हणजे चल नव्हे. पहिल्या फाशावर 4, दुसऱ्यावर 3 हे झालं दान. पाठ्यपुस्तकात त्याला 'निष्पत्ती' म्हणतात. त्या दानाला कोणता आकडा लावायचा हा नियम म्हणजे चल. बेरीज घेतली तर 7, फरक घेतला तर 1, मोठा आकडा घेतला तर 4. दान एकच, चल तीन. यदृच्छा फाशाची, नियम आपला. मुलं इथेच घसरतात.

सिडकोवाली : भाचीचं शिधावाटप चुकीचं नाही हो! वाटायला आहे नेमका 1 (एकूण संभाव्यता), आणि वाटे 36. बेरीज 7 सहा प्रकारांनी येते म्हणून तिला 6/36, तर 2 आणि 12 यांना प्रत्येकी 1/36. सगळे वाटे मिळून 1 व्हायलाच हवा, नाहीतर वाटपात घोळ आहे.

पंचवटीकर : हे तिला सांगतो. विविक्तचं काय?

गोदाकाठ : 'विविक्त' म्हणजे वेगळं केलेलं, एकांतातलं, गीतेच्या तेराव्या अध्यायात 'विविक्तदेशसेवित्वम्' येतं. अर्थाने बरोबर, पण वर्गात कुणाला कळतो? 'खंडित' मला खटकतो. वीजपुरवठा खंडित होतो, कारण तो आधी सलग असतो. 2, 3, 4 हे कधी सलग नव्हतेच. मी शिकवताना 'सुटा' म्हणतो, सुट्या पैशांतला. दूध मापाने, अंडी नगाने. चल नगाचा असला की सुटा. शब्द कसे ठेवावेत ते आपल्या देवळालीच्या गणितज्ञ कापरेकर मास्तरांकडून शिकावं. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला (12 घ्या, 1 + 2 = 3) त्यांनी नाव दिलं 'हर्षद', आनंद देणारी. 'विविक्त' ऐकून कुणाला हर्ष होतो?

जुनं नाशिक : फाशांवरून सांगतो. आमच्या घरी सारीपाटाचे तीन लांबट फासे आहेत, चारच बाजूंचे : 1, 2, 5, 6. यातले दोन टाका. दानं 16, आणि बेरीज 5 किंवा 9 कधीच येत नाही! 7 ला 4/16, म्हणजे पाव हिस्सा. गंमत अशी की सरासरी दोन्हीकडे 7 च; सहा बाजूंच्या फाशांचीही आणि आमच्या लांबट फाशांचीही. नुसत्या सरासरीवरून फासे ओळखता यायचे नाहीत, वितरण मांडावंच लागतं.

तिन्ही टाकून 6, 6, 1 आलं की 'पोबारा'. पो म्हणजे एक, बारा म्हणजे दोन सहा. शक्यता 3/64. सहा बाजूंच्या तीन फाशांवर हेच दान 3/216.

सिडकोवाली : म्हणजे पोबारा करणे, पळ काढणे, हे इथून आलं?

जुनं नाशिक : हो. दान पडलं की सोंगटी सुटते तशी.

पंचवटीकर : भाचीला 3/64 स्वतः काढायला सांगितलं. काढलं, आणि वर विचारते, "फासे हाताने घडवलेले ना? मग चारही बाजू सारख्याच पडतात कशावरून?" रविवारी ते फासे घेऊन याल का? शंभरेक वेळा टाकून बघू.